जागतिकीकरणाचे कारभारी : स्टिग्लिट्झ यांच्या ग्रंथाची चिकित्सा

जोसेफ स्टिग्लिट्झ यांचा ‘ग्लोबलायझेशन अँड इट्स डिसकंटेंट्स’ हा ग्रंथ २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखक १९९७ ते २००० या काळात जागतिक बँकेचे मुख्य अर्थतज्ज्ञ होते. २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक अर्थकारणाचा कारभार आतून पाहिलेल्या व्यक्तीने त्याच कारभारावर केलेली टीका म्हणून या ग्रंथाला महत्त्व प्राप्त झाले.

१९९७ च्या पूर्व आशियाई संकटाचे विवेचन हे ग्रंथाचे बलस्थान होय. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने कर्जाच्या अटी म्हणून चढे व्याजदर व शासकीय खर्चात कपात हे उपाय लादले आणि त्यामुळे मंदी अधिक तीव्र झाली, असे लेखकाचे प्रतिपादन आहे. इंडोनेशियात मे १९९८ मध्ये इंधनाचे दर वाढविल्यानंतर दंगली उसळल्या. मलेशियाने मात्र सप्टेंबर १९९८ मध्ये भांडवलाच्या बहिर्गमनावर निर्बंध घातले. लेखकाच्या मते तेथील मंदी त्यामुळे सौम्य ठरली. पुढे २०१२ मध्ये नाणेनिधीनेही विशिष्ट परिस्थितीत असे निर्बंध ग्राह्य मानले. म्हणजेच विचारांच्या पातळीवर स्टिग्लिट्झ यांची बाजू बऱ्याच अंशी मान्य झाली.

सत्तेच्या पातळीवर तसे म्हणता येत नाही. मताधिकारातील बदल हीच मूलभूत सुधारणा होय, हे लेखक सांगतात. परंतु ती नजीकच्या काळात अशक्य मानून पारदर्शकतेवर भिस्त ठेवतात. ग्रंथाची मर्यादा येथेच आहे. नाणेनिधीत कोटा बदलण्यासारख्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे सुमारे १६.५ टक्के मते आहेत. तिच्या संमतीवाचून बदल संभवत नाही. २०१० मध्ये संमत झालेली कोटा-सुधारणा अमेरिकी काँग्रेसच्या मान्यतेअभावी रखडली आणि जानेवारी २०१६ मध्ये अमलात आली. २०२३ मध्ये कोटा ५० टक्क्यांनी वाढविण्याचे ठरले, पण सर्वांचा समप्रमाणात. त्यामुळे परस्परांतील वाटे बदलले नाहीत. भारताकडे सुमारे २.६ टक्केच मते आहेत.

नाणेनिधीचे बहुतेक अहवाल आता खुले झाले आहेत. परंतु निर्णय कसा झाला हे कळणे वेगळे आणि निर्णयात वाटा असणे वेगळे. अटींचे ओझे ऋणको देशातील सामान्य कुटुंब वाहते. अटी ठरतात त्या सभेत त्याच्या देशाचे मत नगण्य असते. स्टिग्लिट्झ यांनी हे निदान अचूक केले, मात्र उपचार निदानाच्या तुलनेत फारच सौम्य सुचविला, असे म्हणावे लागते.