सातव्या दिवशी गुण वाढले, मग?

नर्सिंगच्या पदव्युत्तर प्रबंधांत एक साचा तुम्हाला हमखास भेटेल: ‘ज्येष्ठांच्या ऑस्टिओपोरोसिसविषयक ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता’. साठेक ज्येष्ठ, पूर्वचाचणी, तक्ते दाखवून एक व्याख्यान, सातव्या दिवशी उत्तरचाचणी, पेअर्ड टी-टेस्ट, निकाल लक्षणीय. गावाचं नाव बदललं की दुसरा प्रबंध तयार. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसला असाल तर या साच्याकडे एकदा नीट बघा.

गुण वाढणारच हो! तेच प्रश्न आठवड्यात दुसऱ्यांदा विचारलेत. नियंत्रण गट नाही, म्हणजे वाढ शिकवण्यामुळे झाली की प्रश्न ओळखीचे झाल्यामुळे, हे सांगता येत नाही. हा दोष सगळ्यांना माहीत असतो. ‘मर्यादा’ या प्रकरणात दोन ओळी लिहून मोकळे होतात.

मला जास्त खटकते ती प्रश्नावली. ‘ऑस्टिओपोरोसिस नॉलेज टेस्ट’ १९९१ मध्ये अमेरिकेत तयार झाली. तिच्यात कॅल्शियमसाठी चीज, ब्रोकोली, डबाबंद सार्डिन असे पर्याय आहेत. आता मेहकर तालुक्यातल्या जानेफळची एखादी आजी डोळ्यांसमोर आणा. ताटात ज्वारीची भाकर, हरभऱ्याची भाजी, तिळाची चटणी. आजीला तीळ पक्के माहीत, पण गुण मिळणार चीजला. भाषांतर कितीही चोख केलं तरी हा घोटाळा सुटत नाही. पर्यायच बदलावे लागतात आणि मग वैधता नव्याने तपासावी लागते.

आकडे उचलतानाही सांभाळा. निदानाचा डब्ल्यूएचओचा १९९४ चा निकष आहे: डेक्सा तपासणीत टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून कमी. ‘लासी’ (२०१७-१८) या देशव्यापी सर्वेक्षणात मात्र डेक्सा नाही. तिथे डॉक्टरांनी आजार सांगितलाय का, एवढंच विचारलंय, आणि संधिवात व ऑस्टिओपोरोसिस एकाच प्रश्नात बांधलेत. तो आकडा ‘ऑस्टिओपोरोसिसचं प्रमाण’ म्हणून प्रस्तावनेत टाकला की पाया तिथेच कच्चा झाला. शिवाय मणक्याची बरीचशी फ्रॅक्चर्स डॉक्टरांपर्यंत पोचतच नाहीत. ‘म्हातारपणी पाठ वाकतेच’ म्हणून घरातच जिरतात.

मग नर्सिंगने करायचं काय? ग्लासगोमध्ये १९९९ पासून नर्सच्या देखरेखीत ‘फ्रॅक्चर लायझन’ सेवा चालली: फ्रॅक्चर होऊन आलेल्या माणसाला प्लास्टर घालून घरी न धाडता हाडांची तपासणी आणि उपचार यांना जोडून द्यायचं. आपल्याकडे सुरुवात त्याच्याही आधी करता येईल. आशाताई भरतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये साठीपुढच्यांसाठी एक प्रश्न आहेच: उभं राहताना, चालताना तोल जातो का? ‘हो’ म्हणणाऱ्या आजीकडे पुढे कोण जातं? समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने उंची दरवर्षी मोजली, मोरीची निसरडी फरशी पाहिली, चक्कर आणणाऱ्या गोळ्या तपासल्या, तर काय बदलतं? हा मला प्रबंधाचा विषय वाटतो.

तोही सोपा नाही. साठ जणांत सहा महिन्यांत खुब्याचं फ्रॅक्चर एखादंच सापडेल, कदाचित एकही नाही. त्यावर गणित बसत नाही. म्हणून पडणं मोजा, तेही दर महिन्याला विचारून. सहा महिन्यांपूर्वीचं पडणं आजीला आठवत नाही, आणि आठवलं तरी सुनेसमोर ती सांगेलच असं नाही, तेव्हा विचारताना शक्यतो एकटीला गाठा.