असे घडू नये : जबलपूर खटल्यातील निषेध आणि आशा

२८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘अतिरिक्त जिल्हादंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल’ या प्रकरणात निर्णय दिला. आणीबाणीतील स्थानबद्धांचे बंदी प्रत्यक्षीकरणाचे अर्ज ऐकता येतात, अशी भूमिका जबलपूरच्या मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने आणि इतर अनेक उच्च न्यायालयांनी घेतली होती. ती चार विरुद्ध एक अशा मताने अमान्य झाली. या निर्णयाची चर्चा बहुधा धैर्य आणि भय या शब्दांत होते. ते स्वाभाविकच आहे. परंतु त्यामुळे पाच निकालपत्रांतील वाक्ये कोणत्या जातीची आहेत, हा प्रश्न मागे पडतो.

वाक्यांच्या जातींचा हा विचार आकारिक तर्कशास्त्राने विसाव्या शतकाच्या मध्यास नेटाने केला. जॉर्ज हेन्रिक फॉन राइट यांच्या १९५१ च्या लेखात कर्तव्य, अनुज्ञा आणि निषेध यांची परस्परसापेक्ष मांडणी आहे : कृती निषिद्ध असणे म्हणजे ती न करणे कर्तव्य असणे, ती अनुज्ञात असणे म्हणजे ती न करण्याचे कर्तव्य नसणे. याक्को हिंतिक्का यांनी १९६२ मध्ये ज्ञान आणि विश्वास यांचे, तर फॉन राइट यांनीच १९६३ मध्ये पसंतीचे तर्कशास्त्र मांडले. तर्कशास्त्राने अशी वेगळी केलेली ही तिन्ही भावंडे मराठीच्या विध्यर्थात मात्र एकाच छपराखाली नांदतात. ‘त्याने जावे’ हे कर्तव्य, ‘पाऊस पडावा’ ही इच्छा, ‘तो पोचला असावा’ हा तर्क. ‘नये’चेही तसेच. ‘खोटे बोलू नये’ हा निषेध. ‘कोणावर अशी वेळ येऊ नये’ ही केवळ इच्छा.

बहुमताची युक्तिवादरचना आकाराच्या दृष्टीने सदोष नाही, हे प्रथम मान्य करावयास हवे. जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचे एकमेव अधिष्ठान राज्यघटनेचा अनुच्छेद २१ हेच आहे. २७ जून १९७५ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने त्याच्या अंमलबजावणीसाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद झाला. म्हणून स्थानबद्धास दाद मागता येत नाही. पहिले विधान मान्य केले की शेवटचे टाळता येत नाही. शिवाय या निकालपत्रांनी कार्यकारी सत्तेस बेकायदेशीर कृतीची अनुज्ञा दिली, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. कर्तव्य राहिले, ते कोणाप्रत आहे, हे विचारण्याचा अधिकार तेवढा गेला. वेस्ली होफेल्ड यांनी १९१३ मध्ये हक्क आणि कर्तव्य ही एकाच नात्याची दोन टोके असल्याचे दाखविले होते. येथे एक टोक सोडून देऊन दुसरे हवेत धरले आहे.

ही रिकामी जागा निकालपत्रांनी कशाने भरली, हे पाहण्यासारखे आहे. न्यायमूर्ती बेग यांनी स्थानबद्धांची शासनाकडून होणारी देखभाल जवळजवळ मातेच्या ममतेची असल्याचे म्हटले. हे विश्वासाचे वाक्य आहे, आणि विश्वासावरून सत्य निष्पन्न होत नाही. स्थानबद्धतेची कारणे ‘मिसा’च्या कलम १६अ (९) अन्वये न्यायालयापासूनही गुप्त ठेवण्यात आली असताना तर मुळीच नाही. न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी स्थानबद्धांना उपाशी ठेवले जाईल, गोळ्या घातल्या जातील, ही वकिलांनी व्यक्त केलेली भीती नोंदवून, असे कधी घडणार नाही या आपल्या आशेला हिऱ्याच्या तेजाची आणि काठिण्याची उपमा दिली. हे पसंतीचे वाक्य. कर्तव्याच्या जागी एकाने विश्वास ठेवला, दुसऱ्याने इच्छा. आणि दोघांनाही नेमक्या त्याच ठिकाणी अलंकाराची गरज भासली.

या वाक्याचा मराठी अनुवाद करू पाहणाऱ्याची अडचण बोलकी आहे. ‘असे घडू नये’ एवढेच लिहिले तर तो निषेध होतो, म्हणजे अल्पमताचा निर्णय. बहुमताशी प्रामाणिक राहायचे तर ‘अशी आशा आहे’ हे शब्द जोडावेच लागतात.

न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांच्या भिन्नमतात हे शेपूट नाही. सुनावणीत त्यांनी महान्यायवादी निरेन डे यांना विचारले होते, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कोणास ठार केले, तर काही उपाय आहे काय? आणीबाणी असेतो नाही, असे उत्तर आले. खन्ना यांनी युक्तिवादाच्या पहिल्या विधानालाच हात घातला : कायद्याच्या आधारावाचून कोणाचा प्राण वा स्वातंत्र्य हिरावता येत नाही, हा नियम राज्यघटनेपूर्वीचा आहे, अनुच्छेद २१ ने तो निर्माण केलेला नाही. भारतीय वाचकाला येथे मीमांसकांचा श्येनयाग आठवावा. शत्रुवध इच्छिणाऱ्यास श्येन हे साधन सांगितले आहे. परंतु शबराच्या मते त्यामुळे हिंसा विहित होत नाही, तिचा सामान्य निषेध कायमच राहतो. साधनाची उपलब्धता ही अनुज्ञा नव्हे. अगाता चाबात्तोनी, एलिझा फ्रेस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये नेमका हाच वाद आकारिक चिन्हांत मांडला, तो शतकानुशतकांच्या या बारकाईमुळेच. मात्र हे साम्य ओढून ताणू नये : मीमांसकाला वेदवाक्याचा अर्थ लावायचा होता, त्याच्या दारात स्थानबद्धाचा अर्ज नव्हता.

चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने १९७८ मध्ये अनुच्छेद २० आणि २१ यांची अंमलबजावणी स्थगित करण्याचा मार्गच बंद केला. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने जबलपूरचा निर्णय रद्द ठरविला. त्यातील प्रमुख मत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचे होते, म्हणून पित्याची चूक पुत्राने दुरुस्त केल्याची कथा लोकप्रिय झाली. कथा म्हणून ती आकर्षक आहे. तर्काच्या इतिहासात तिचे फारसे काम नाही. त्या दिवशी बदलले ते युक्तिवादातील पहिले विधान. जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य राज्यघटनेने बहाल केलेले नाहीत, असे म्हटले गेले, आणि १९७६ च्या अनुमानाला आधारच उरला नाही.