परवानग्यांचा धडा : अंक पाठ, अर्थ बाजूला

युनिक्स किंवा लिनक्सची ओळख करून देणाऱ्या पुस्तकांत फाइलींच्या परवानग्यांवर एक धडा असतोच. त्याची मांडणी ठरलेली असते. मालक, गट आणि इतर असे तीन वर्ग. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १. बेरीज करा आणि 'सीएचमॉड' या आज्ञेपुढे तीन अंक लिहा. ६४४, ७५५, झाला धडा! यात चूक काही नाही. पण जे राहून जाते त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते, असे आम्हांला वाटते.

मूळ रचनेचे श्रेय आधी द्यायला हवे. थॉम्पसन आणि रिची यांच्या युनिक्सच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही ही आज्ञा आहे. 'गट' हा वर्ग नंतर आला. अवघ्या नऊ बिटांत ५१२ प्रकारच्या व्यवस्था बसतात. ही काटकसर कौतुकास्पदच आहे.

पण उणीवही या काटकसरीतच आहे. तीच तीन अक्षरे फाइलीला आणि डिरेक्टरीलाही लावली आहेत, अर्थ मात्र बदलतो. डिरेक्टरी म्हणजे नावांची यादी. तिच्या बाबतीत 'वाचणे' म्हणजे नावे पाहणे, 'लिहिणे' म्हणजे नावे घालणे वा खोडणे आणि 'चालवणे' म्हणजे तिच्यातून आत जाणे. बहुतेक पुस्तके हे एका ओळीत उरकतात.

परिणाम पाहा. एखादी विद्यार्थिनी आपल्या प्रकल्पाच्या फाइलीला ४४४ परवानगी देते आणि निश्चिंत होते. फाइल ज्या डिरेक्टरीत आहे तिची परवानगी मात्र ७७७ आहे. आता वर्गातला कोणीही ती फाइल पुसू शकतो! कारण पुसणे म्हणजे यादीतले नाव खोडणे. त्यासाठी फाइलीची परवानगी लागतच नाही. 'आरएम' ही आज्ञा फार तर एकदा विचारते. 'हो' म्हटले की फाइल गेली. जनरल रजिस्टर ज्याच्या हाती, तो नाव कमी करू शकतो, तसेच हे.

त्यात आणखी भर म्हणजे, काही अडले की "७७७ करून टाका" हा सर्रास मिळणारा सल्ला. किल्ली लागत नाही म्हणून कुलूपच फेकून देण्यासारखे हे आहे. सामायिक डिरेक्टरीसाठी १७७७ हा खरा उपाय आहे. पुढच्या १ मुळे फाइल पुसण्याचा अधिकार फाइलीचा मालक, डिरेक्टरीचा मालक आणि व्यवस्थापक यांच्यापुरताच उरतो.

शिक्षकांनी हे सांगण्याऐवजी करून दाखवावे. दोन साधी खाती उघडा. दोघांनाही पोचता येईल अशा ७७७ डिरेक्टरीत एकाने ४४४ ची फाइल ठेवावी, दुसऱ्याने ती पुसून पाहावी. मग डिरेक्टरी १७७७ करून पुन्हा तोच प्रयोग करा. प्रत्येक वेळी काय होईल, ते मुलांकडून आधी वहीत लिहून घ्या. आणि जाता जाता विचारा : ०४४ परवानगीची फाइल तिच्या मालकाला वाचता येईल का? उत्तर 'नाही' असे आहे. ते का, हे ज्याला सांगता आले त्याला धडा समजला.