मत मागणारा आणि मत देणारा

कोहमाऱ्याच्या चौकात, जेथे गोंदियाचा रस्ता महामार्गाला मिळतो, तेथील चहाच्या टपरीवर दर निवडणुकीत एक वाक्य ऐकू येते : ‘लोक आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतात.’ पुरावा म्हणून १९५४ सालची भंडाऱ्याची पोटनिवडणूक सांगितली जाते. (गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १९९९ मध्ये.) तीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर राखीव जागेवर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून पराभूत झाले. ‘आपल्याच माणसांनी पाडले!’ म्हणून टपरी हळहळते.

पण वाचकहो, राखीव जागेवर उमेदवार तेवढा अनुसूचित जातीचा असतो. मतदार सर्व जातींचे असतात. तेव्हा हा निकाल घाईचा आहे.

मला प्रश्न पडतो तो निराळाच. हिंदू कोड बिल रखडले म्हणून बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा मिळावा, ही त्या बिलातली एक मोठी गोष्ट. भंडाऱ्याच्या मतदारांत बायकाही होत्या. त्यांचे हित त्यांना कळत नव्हते काय?

पुढे १९५६ मध्ये वारशाचा कायदा आला; २००५ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी मुलाच्या बरोबरीची झाली. तरी हक्कसोडपत्रावर सह्या होतातच. अशी सही केलेल्या एका बाईंना मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, ‘गुरुजी, सही केली नसती तर भाऊबीजेला कोणाच्या दारी गेले असते?’

ही बाई अडाणी नव्हे. एका पारड्यात धानाची बांधी, दुसऱ्यात माहेर. तिने तोलून पाहिले आणि माहेर उचलले. अन्याय तिच्या निवडीत नाही. दोन्हींपैकी एकच मिळेल असा तराजू तिच्यापुढे धरणाऱ्या घरात तो आहे. मतपेटीपुढे उभ्या राहणाऱ्या शेतमजुराचेही असेच असते. उद्याची मजुरी, सावकाराचे देणे, जातीचा शब्द हे सारे तो तोलत असतो. आपण मात्र एकच पारडे पाहतो आणि त्याला मूर्ख ठरवितो.

येथे आमच्या कादंबरीवर माझा आक्षेप आहे. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ (१९७२) आणि ‘सिंहासन’ (१९७७) या कादंबऱ्यांनी खुर्चीचा मोह जसा दाखविला, तसा क्वचितच कोणी दाखविला असेल. पण ते दर्शन मत मागणाऱ्यांच्या दालनातले आहे. मत देणाऱ्याचे घर त्यात दूर राहते. दुसऱ्याला काय बोल लावू? माझ्याही एका कादंबरीत मतदार येतो तो एका ओळीपुरता, लुगड्यावर आणि दारूवर मत विकणारा म्हणून. मुलांच्या निबंधात असले वाक्य आले असते, तर मी लाल शाईने ‘कशावरून?’ असे विचारले असते.

परवा भाऊबीज. बहीण ओवाळील, भाऊ ताटात ओवाळणी घालील. त्या ताटासमोर बसून तिच्या सहीची गोष्ट जो खरेपणाने लिहील, त्याला मतदारही कळेल.