थांबलेल्या डब्याचे स्मरणरंजन

गतकाळाच्या ओढीला मराठीत ‘स्मरणरंजन’ हा शब्द रूढ आहे. योहानेस होफर या वैद्यकाच्या अभ्यासकाने १६८८ मध्ये ‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा घडविली, तेव्हा ‘घरी परतणे’ व ‘वेदना’ या अर्थांचे दोन ग्रीक शब्द त्याने जोडले होते. मराठी समासात वेदनेच्या जागी रंजन आले आहे. हा भेद केवळ शाब्दिक नाही. गतकाळाविषयीच्या लेखनात रंजन कोठे थांबते आणि वेदना कोठे सुरू होते, हे पाहणे समीक्षेचे कामच आहे. ब्रिटनमधील ‘कॅम्पिंग कोच’च्या, म्हणजे सुट्टीतील मुक्कामासाठी घरासारख्या सजविलेल्या आगगाडीच्या जुन्या डब्यांच्या, आठवणी या दृष्टीने परीक्षणीय आहेत. त्या डब्याविषयी आहेत असे सकृद्दर्शनी वाटते. वस्तुतः ज्या स्थानकाच्या आधाराने डब्याचे घर झाले, त्या स्थानकाविषयी त्या आहेत.

लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेने १९३३ मध्ये असे १० डबे प्रथम उपलब्ध करून दिले. १९३४ मध्ये लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश आणि ग्रेट वेस्टर्न या कंपन्यांनी, तर १९३५ मध्ये सदर्न रेल्वेने तिचे अनुकरण केले. वाहतुकीतून निवृत्त झालेले डबे, फारसे वापरात नसलेले सायडिंग आणि खेड्यातील स्थानकावरील कर्मचारी या तिन्ही गोष्टी कंपन्यांजवळ होत्याच. डब्यात साधारणतः सहा माणसांच्या स्वयंपाकाची, बसण्याची व निजण्याची सोय केली जाई. कुटुंबाने तेथवर रेल्वेने यावे आणि सुट्टीत आसपासही रेल्वेनेच हिंडावे, असा त्यामागील व्यापारी हिशेब होता. महायुद्धात बंद पडलेली ही योजना ब्रिटिश रेल्वेने १९५२ मध्ये पुन्हा सुरू केली. १९६० च्या सुमारास काही पुलमन डबेही तिच्यात आले. १९७१ मध्ये सार्वजनिक योजना म्हणून ती संपुष्टात आली.

या मुक्कामाचे स्वरूप ध्यानात घेतले, म्हणजे आठवणींतील तपशिलांचा अर्थ उलगडतो. डब्यात बहुधा तेलाचे दिवे असत. पाणी स्थानकावरून भरून आणावे लागे. शौचालयही स्थानकावरचेच वापरावे लागे. म्हणजे दिवसातून अनेकदा कुटुंबाला फलाटावर जावे लागे. स्टेशनमास्तरची ओळख, पोर्टरशी बोलणे, मुलांना सिग्नलच्या खटक्यांविषयी वाटणारे कुतूहल, येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांवरून दिवसाची वेळ ओळखणे, हे सारे या गैरसोयींतून निर्माण झाले. संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत सांगावयाचे, तर डबा हा येथे आलंबन विभाव मानला जातो. परंतु तो खरे पाहता उद्दीपन विभाव आहे. भावाचे आलंबन आहे ते माणसांनी गजबजलेले लहान स्थानक. डब्याच्या खिडकीची चौकट भाव चेतविते. ज्याच्याविषयी भाव आहे ते त्या खिडकीबाहेर आहे.

या भेदाची कसोटी इतिहासानेच लावली. रिचर्ड बीचिंग यांच्या १९६३ च्या अहवालाने २,३६३ स्थानके व सुमारे ५,००० मैलांचे मार्ग बंद करण्याची शिफारस केली. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील रॉबिन हूड्स बे येथे असे डबे उभे असत. तेथून जाणारा स्कारबरो–व्हिटबी मार्ग १९६५ मध्ये बंद झाला. अशा ठिकाणी डबा नाहीसा झाला तो मोडका होता म्हणून नव्हे, तर त्याला पाणी, माणसे व वर्दळ पुरविणारे स्थानकच उरले नाही म्हणून. ही वेदना ज्या आठवणींत उतरत नाही, त्यांत स्मरण उणे होऊन रंजन तेवढे शिल्लक राहते.

या लेखनाला आणखी एक मर्यादा आहे. सांगणारा बहुधा त्या काळचा बालक असतो. बालकाला पाण्याचा डबा भरून आणणे हा खेळ वाटतो. ज्या स्त्रीला त्या पाण्यावर सहा माणसांचा स्वयंपाक चिंचोळ्या जागेत करावयाचा असतो, तिला तो खेळ वाटेलच असे नाही. कुटुंबाची सुट्टी आणि गृहिणीची सुट्टी या दोन गोष्टी एकच आहेत, असे गृहीत धरूनच ‘कौटुंबिक आनंदा’चे हे चित्र पुरे होते. चित्र खोटे नाही. परंतु ते एका विशिष्ट उंचीवरून पाहिलेले आहे, आणि ती उंची बालकाची आहे.

याच्या तुलनेत चार्ल्स क्रायटन यांनी दिग्दर्शित केलेला व टी. ई. बी. क्लार्क यांनी लिहिलेला ‘द टिटफील्ड थंडरबोल्ट’ (१९५३) हा चित्रपट पाहण्याजोगा आहे. गावकरी आपला बंद होऊ घातलेला फाटा स्वतः चालवितात. विरोधकांनी त्यांचा डबा निकामी केल्यावर डॅन टेलर या पात्राचे राहते घर असलेला जुना डबा उघड्या वाघिणीवर चढवून ते गाडीला जोडतात. चित्रपटाची प्रकृती विनोदी, स्वप्नरंजक म्हणावी अशीच आहे. तथापि त्याची दिशा आठवणींच्या नेमकी उलट आहे. आठवणींत चालत्या डब्याचे घर होते. येथे घराचा पुन्हा डबा होतो, आणि तो चालविण्यासाठी कोळसा टाकणारे, रूळ सांभाळणारे, तिकिटे फाडणारे हात लागतात, हे प्रेक्षकाला दिसत राहते. आठवण ज्या श्रमांना पार्श्वभूमीत ढकलते, त्यांना चित्रपट कथेच्या केंद्रस्थानी आणतो.

अलीकडे काही ठिकाणी जुने डबे दुरुस्त करून पुन्हा मुक्कामासाठी दिले जातात. त्यांत नळाचे पाणी व स्वतंत्र स्नानगृह असते, आणि ते असणे योग्यच आहे. मात्र डबा स्वयंपूर्ण झाला, की फलाटावर जाण्याचे कारण उरत नाही. गेल्यास तेथे स्टेशनमास्तरही बहुधा भेटत नाही. त्यामुळे वस्तू परत मिळते, परंतु तिच्याभोवतीचा संबंध परत मिळत नाही. या प्रकारच्या लेखनाचे मूल्यमापन करताना, त्यात डबा किती हुबेहूब उतरला आहे यापेक्षा त्या डब्याला कोणी जगविले याची जाणीव त्यात कितपत आहे, हाच निकष अधिक ग्राह्य मानला पाहिजे.