मॉड टाकताना आपण नेमकं काय करतो?

गेल्या दिवाळीत माझा आतेभाऊ फोन घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. नववीत आहे. "दादा, मॉड टाकलाय. अनलिमिटेड कॉइन्स!" असं म्हणत त्यानं गेम उघडला आणि त्याचा चेहराच उतरला. दोन वर्षं रोज थोडं थोडं करून वसवलेलं त्याचं गाव गायब होतं. कॉइन्स खरंच अनलिमिटेड होते, पण खाली नुसती मोकळी जमीन.

"माझं काय चुकलं?" त्यानं विचारलं. "बॅकअप घ्यायचा ना," असं मी म्हणून टाकलं. सगळे मोठे लोक हेच उत्तर देतात आणि त्यातून कुणालाच काही कळत नाही. त्याला द्यायला हवं होतं ते उत्तर मी इथे लिहितोय.

मॉडबद्दल आपण बोलतो ते ग्राफिक्सबद्दल, नव्या गाड्यांबद्दल, नव्या गोष्टींबद्दल. मॉड टाकायचा कसा, हे सांगणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. पण टाकण्याच्या एका पद्धतीपेक्षा दुसरी चांगली का, हे क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते ते विचारायला हवं. मी प्रत्येक पद्धत तीन प्रश्नांवर तपासतो. काय बदललं ते मला दिसतं का? मागे फिरता येतं का? आणि हे काम कुणाचं आहे ते कळतं का?

पहिली तऱ्हा: वरून कॉपी

माझी सुरुवात तालुक्याच्या गावातल्या एका सायबर कॅफेत झाली. गेम होता जीटीए सॅन अँड्रियास. मला त्यात पल्सर चालवायची होती. पल्सरचं मॉडेल पेनड्राइव्हवर मिळालं होतं. दोन फाइली होत्या, एकीत गाडीचा आकार आणि दुसरीत तिचा रंग-पोत. गेममधल्या सगळ्या गाड्या आणि माणसं 'जीटीएथ्री डॉट आयएमजी' नावाच्या एका भल्यामोठ्या फाइलीत कोंबलेली असतात. ती एका छोट्या टूलनं उघडायची, आतली एनआरजी-५०० ही बाइक शोधायची आणि तिच्या जागी आपली फाइल बसवायची.

मी बसवली. पल्सर दिसली, चाललीही. मग चेव चढला आणि मी आणखी पाच-सहा गाड्या घुसवल्या. त्यानंतर गेम सुरूच होईना. मूळ फाइलीची कॉपी ठेवलेली नव्हती. कॅफेच्या काकांनी मला पुढचा महिनाभर त्या मशीनवर बसू दिलं नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं.

या पद्धतीला पहिल्या प्रश्नावर पूर्ण मार्क. मी काय बदललं ते मला नावानिशी माहीत होतं. गेम म्हणजे काही जादू नाही, तो फाइलींचा ढीग आहे आणि त्यातली प्रत्येक फाइल कुणीतरी बनवली आहे, हे मला तिथे कळलं. दुसऱ्या प्रश्नावर मात्र भोपळा. नवं ठेवायचं तर जुनं पुसावंच लागायचं. माइनक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळातही हेच होतं. गेमची जार फाइल झिपसारखी उघडायची, मॉडच्या फाइली आत टाकायच्या आणि 'मेटा-इन्फ' नावाचं फोल्डर उडवायचं. त्या फोल्डरमध्ये फाइलींच्या सहीची नोंद असायची. ती ठेवली तर बदललेला गेम चालायचाच नाही. हजारो मुलांनी ते फोल्डर डिलीट केलं, आणि त्यातल्या बहुतेकांना आपण कशावर पाणी सोडतोय हे माहीत नव्हतं.

त्याहून जुनी, त्याहून शहाणी

गंमत म्हणजे यापेक्षा चांगली कल्पना याच्याही आधीची आहे. डिसेंबर १९९३ मध्ये इड सॉफ्टवेअरचा डूम आला. त्यात खेळ चालवणारा प्रोग्राम वेगळा होता आणि नकाशे, चित्रं, आवाज 'वॅड' नावाच्या वेगळ्या फाइलीत होते. हे मुद्दाम केलेलं होतं. आपण बनवलेला नकाशा आपल्या स्वतंत्र वॅडमध्ये ठेवायचा आणि खेळ सुरू करताना त्या फाइलीचं नाव द्यायचं. गेम मूळ फाइलीवर आपली फाइल पांघरायचा. नाव दिलं नाही की जुना डूम जसाच्या तसा.

मूळ कृती शाबूत ठेवून तिच्यावर आपला थर चढवायचा, हे तत्त्व तेव्हाच सापडलेलं होतं. पुढे अनेक गेमनी ते पाळलं नाही, म्हणून माझ्या पिढीला काकांच्या शिव्या खाव्या लागल्या.

एक बटण

मग स्टीम वर्कशॉप आलं. फेब्रुवारी २०१२ मध्ये ते स्कायरिमला जोडलं गेलं. 'सबस्क्राइब' दाबायचं, बाकी सगळं आपोआप. फोल्डर कुठे आहे हेही माहीत असायची गरज नाही. ज्यांना फाइलींची भीती वाटते त्यांच्यासाठी हे मोठंच दार उघडलं, याबद्दल मी कुरकुर करणार नाही.

पण दार कुणाचं, हा प्रश्न उरतोच. मॉडकर्त्यानं नवं व्हर्जन टाकलं की ते तुमच्या गेममध्ये न विचारता उतरतं, आणि शंभर तास खेळलेला सेव्ह त्यामुळे बिघडू शकतो. एप्रिल २०१५ मध्ये याची दुसरी बाजू दिसली. व्हॉल्व्ह आणि बेथेस्डा यांनी याच वर्कशॉपवर स्कायरिमचे मॉड विकायला परवानगी दिली. येणाऱ्या पैशांतला २५ टक्के वाटा मॉडकर्त्याला, उरलेला दोन्ही कंपन्यांना. खेळणारे इतके भडकले की चार दिवसांत ती योजना गुंडाळावी लागली.

तेव्हाचा बहुतेक राग 'फुकटचं विकत का' या मुद्द्यावर होता. तो मला पटत नाही. महिनोन्महिने राबणाऱ्या माणसानं पैसे मागितले तर त्यात गैर काय? माझा आक्षेप वेगळा आहे. सगळे एकाच रस्त्यानं येत होते, म्हणूनच त्या रस्त्यावर टोलनाका बसवता आला. पेनड्राइव्हवरून आलेल्या पल्सरवर कुणाला टोल लावता आला नसता.

मॅनेजर

माझी आवडती तऱ्हा म्हणजे मॉड मॅनेजर. त्यातही मॉड ऑर्गनायझर. तो प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो. तुम्ही त्याच्यामार्फत गेम सुरू केला की गेमला भास होतो की त्या सगळ्या फाइली आपल्याच फोल्डरमध्ये आहेत. प्रत्यक्षात मूळ फोल्डरला हातही लागलेला नसतो. डूमचीच युक्ती, फक्त शेकडो थरांसाठी.

याहून महत्त्वाचं म्हणजे तो भांडणं दाखवतो. दोन मॉड एकाच फाइलीवर हक्क सांगत असतील तर यादीत विजेचं चिन्ह येतं. त्यावरच्या अधिक किंवा उणे खुणेवरून कुणी कुणावर मात केली ते कळतं. यादीत जो खाली, तो जिंकतो. पटत नसेल तर ओढून क्रम बदला. इथे खेळणारा जवळपास संपादक होतो. कुणाचं झाड ठेवायचं, कुणाचा पाऊस, कुणाचे चेहरे, हे तो ठरवतो आणि प्रत्येक निर्णय त्याच्या डोळ्यांसमोर असतो.

याचा दोष मी स्वतः भोगलाय. दोन आठवडे यादी लावत बसलो आणि स्कायरिम जेमतेम तासभर खेळलो. या कंटाळ्यावर उपाय म्हणून कुणीतरी आधीच लावून दिलेल्या तयार याद्या आल्या. त्या याद्या मोडू नयेत म्हणून नेक्सस मॉड्स या साइटनं जुलै २०२१ मध्ये नवा नियम जाहीर केला: मॉडकर्त्याला आपली फाइल कायमची पुसता येणार नाही, ती साठवणीत राहील. ज्यांना हे मान्य नव्हतं त्यांना महिनाभराची मुदत दिली आणि काही जुनी मंडळी आपलं काम घेऊन निघून गेली. खेळणाऱ्याची सोय आणि करणाऱ्याचा हक्क इथे समोरासमोर आले. मी यादी लावणारा आहे, तरी मला मॉडकर्त्यांची बाजू जास्त खरी वाटते.

आणि मॉड एपीके

आता आतेभावाकडे येऊ. अँड्रॉइडवर प्रत्येक ॲपवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. कुणी ॲप फोडून आत बदल केला की मूळ सही टिकत नाही, त्याला स्वतःची सही करावी लागते. सही वेगळी, म्हणून फोन ते ॲप जुन्यावर बसवून घेत नाही. मग आधी मूळ गेम अनइन्स्टॉल करावा लागतो, आणि फक्त फोनवर असलेला सेव्ह त्याच्याबरोबर जातो. भावाचं गाव असं गेलं. फोननं त्याला धोक्याची सूचना दिली होती, त्यानं 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं.

तिन्ही प्रश्नांवर इथे शून्य. काय बदललं ते दिसत नाही. मागे फिरता येत नाही. कुणी केलं याचा पत्ता नाही, आणि त्या अनोळखी माणसानं कॉइन्सबरोबर आणखी काय आत ठेवलंय तेही कळत नाही. कॉम्प्युटरवरही सगळं निर्धोक नाही. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज या नावाजलेल्या साइटवरच्या काही माइनक्राफ्ट मॉडमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा मालवेअर निघाला होता. फरक असा की तिथे कुठल्या खात्यांवरून, कुठल्या फाइलींतून तो आला हे शोधता आलं आणि लोकांना सावध करता आलं.

पण भावाला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. त्याच्याकडे फक्त फोन आहे. अँड्रॉइड ११ पासून गेमच्या डेटाचं फोल्डर इतर ॲपना उघडता येत नाही. सुरक्षेसाठी ते ठीकच आहे. पण मला कॅफेत जे फोल्डर दिसलं, ते त्याला कधी दिसलंच नाही. 'मॉड' या शब्दाचा अर्थ त्याच्यासाठी 'फुकट कॉइन्स' एवढाच उरला, तो यामुळे.

भाऊबीजेच्या दुपारी मी जुना लॅपटॉप काढला. माइनक्राफ्टच्या जावा एडिशनमध्ये रिसोर्स पॅक नावाचा प्रकार असतो. त्यात प्रोग्राम नसतो, फक्त चित्रं, आवाज, मजकूर वगैरे. आम्ही एक फोल्डर केलं, त्यात भाषेची फाइल ठेवली आणि एकेका वस्तूचं नाव मराठीत लिहायला बसलो. डर्ट म्हणजे माती, यावर वाद नव्हता. ग्रॅव्हल म्हणजे खडी की वाळू, यावर अर्धा तास गेला. कॉबलस्टोनला तो 'धोंडा' म्हणाला आणि स्वतःच हसत सुटला.

पॅक चालू केला. 'माती' नीट दिसली. काही शब्दांच्या वेलांट्या मात्र भलत्या जागी गेल्या आणि जोडाक्षरं फुटली. अक्षरं कशी जुळवायची हे गेमच्या आत खोलवर ठरतं, तिथे आमच्या फोल्डरचा हात पोचत नव्हता. "हे कोण दुरुस्त करणार?" त्यानं विचारलं. मला उत्तर देता आलं नाही.

मग त्यानं सेटिंगमध्ये जाऊन पॅक बाजूला काढला. सगळं पुन्हा इंग्रजीत, जग जागच्या जागी. परत लावला. माती. परत काढला. असं त्यानं चार-पाच वेळा केलं. आपलं काही जात नाही याची खात्री पटल्यावर लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला आणि पुढची नावं लिहायला लागला.