पाखरांची आणि पेयांची जुनी इंग्रजी नावे : व्युत्पत्तीच्या पुराव्याचा प्रश्न

पशुपक्ष्यांची आणि खाद्यपेयांची प्रादेशिक नावे ही व्युत्पत्तीच्या अभ्यासकाला सर्वांत मोहक, आणि म्हणूनच सर्वांत फसवी, अशी सामग्री होय. अशी नावे बहुधा पारदर्शक वाटतात. त्यांचा अर्थ जणू त्यांच्या अंगावरच लिहिलेला असतो. परंतु हा वरवर दिसणारा अर्थ पुष्कळदा मूळचा नसून मागाहून बसविलेला असतो. इंग्लंडातील बोलींत आढळणाऱ्या काही नावांच्या आधारे या धोक्याचे स्वरूप तपासावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

या क्षेत्रातील आधारग्रंथ म्हणजे जोसेफ राइट यांचा सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश (1898–1905). बालपणी यॉर्कशायरमधील गिरणीत राबलेल्या आणि तारुण्याच्या उंबरठ्यावर अक्षरओळख झालेल्या या विद्वानाने केलेले कार्य थक्क करणारे आहे. तथापि त्याचे खरे मोल त्यातील व्युत्पत्तींपेक्षा प्रत्येक शब्दापुढे दिलेल्या परगण्यांच्या नोंदींत अधिक आहे, असे मला वाटते. शब्द कोठे बोलला जातो हा तपशील नसून पुरावा आहे, आणि तो कसा, हे पुढील उदाहरणांवरून ध्यानात येईल.

प्रथम लोकव्युत्पत्तीची दोन उदाहरणे घेऊ. टिटवीच्या कुळातील पक्ष्याला इंग्रजीत 'लॅपविंग' म्हणतात. या नावाच्या उत्तरार्धात पंखवाचक 'विंग' हा शब्द आहे, असे कोणालाही वाटेल. पण प्राचीन इंग्रजीतील रूप 'ह्लेआपेविन्चे' असे आहे. त्याचा पूर्वार्ध उडी मारण्याच्या आणि उत्तरार्ध हेलकावण्याच्या अर्थाच्या धातूशी निगडित असून पंखाचा त्यात मागमूसही नाही. मूळचा उत्तरार्ध दुर्बोध झाल्यावर बोलणाऱ्यांनी त्याच्या जागी ओळखीचा शब्द बसविला. 'व्हीटइअर' या नावाची कथा याहून बोधप्रद आहे. त्यात गहू आणि कान (किंवा कणीस) असे दोन शब्द दिसतात. परंतु त्या पक्ष्याचा गव्हाशीही संबंध नाही आणि कानाशीही नाही. उडताना ठळक दिसणाऱ्या त्याच्या पांढऱ्या पार्श्वभागावरून पडलेले ते रोखठोक ग्रामीण नाव होय. शब्दाच्या अंती असलेला मूळचा 'स' हा अनेकवचनाचा प्रत्यय समजून गाळला गेला, आणि उरलेल्या भागाला सभ्य अर्थ मिळाला.

आता प्रदेशाच्या पुराव्याकडे वळू. कोकिळवर्गातील ककू पक्ष्याला उत्तर इंग्लंडात आणि स्कॉटलंडात 'गाउक' असे नाव होते. प्राचीन इंग्रजीतील नाव 'गेआक' असे लिहिले जाई. पण त्यातील आद्य वर्णाचा उच्चार तालव्य, म्हणजे 'य'सारखा होता. त्यापासून नियमाने सिद्ध होणारे रूप 'य'ने आरंभ व्हावयास हवे. 'गाउक'मधील कंठ्य 'ग' हा त्यामुळे प्राचीन नॉर्सच्या 'गाउक्र' या शब्दाचा वारसा ठरतो. नवव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या उत्तर आणि पूर्व भागांत स्कँडिनेव्हियन लोकांनी वसाहती केल्या, त्या इतिहासाशी शब्दाचा उत्तरेकडील प्रसार जुळतो. येथे ध्वनिनियम आणि भूगोल एकमेकांची साक्ष देतात. परगण्याची नोंद नसती, तर ही साक्ष अर्धीच राहिली असती.

पेयवाचक शब्दांत साम्याचा मोह अधिकच प्रबळ होतो. मधापासून केलेल्या मद्याला इंग्रजीत 'मीड' म्हणतात, आणि वेल्श सीमेकडून आलेल्या, मसाले वा वनस्पती घातलेल्या तशाच पेयाला 'मेथेग्लिन'. दोन्ही पेये मधाची. दोन्ही शब्दांच्या आरंभी 'म'. तेव्हा ते एकाच मुळाचे असावेत, हा तर्क स्वाभाविक आहे, पण चुकीचा आहे. 'मेथेग्लिन'चा पूर्वार्ध औषधी किंवा वैद्य या अर्थाच्या वेल्श शब्दापासून आला असून तो लॅटिन 'मेदिकुस'चा वंशज आहे. उत्तरार्धाचा अर्थ पेयद्रव. उलटपक्षी 'मीड' (प्राचीन इंग्रजी 'मेदु') हा आपल्या 'मधु'चा, आणि म्हणून मराठी 'मध'चा, खरा सगोत्र आहे. संस्कृत 'ध'च्या जागी जर्मानिक भाषांत 'द' येणे हे नियमित आहे, आणि तो नियम इतर अनेक शब्दांत पडताळता येतो. हे नाते कानाला ऐकू येते म्हणून सत्य ठरत नाही. नियमाने सिद्ध होते म्हणून ठरते.

ग्रामीण ते प्राचीन, हा आणखी एक ग्रह. सॉमरसेटकडील सफरचंदाच्या उग्र मद्याचे 'स्क्रंपी' हे नाव ऐकताच ते मध्ययुगीन असावे असे वाटते. परंतु त्याचे लिखित उपयोग विसाव्या शतकाच्या आरंभापासूनच आढळतात. सुरकुतलेल्या बारीक फळाला 'स्क्रंप' म्हणत, त्यावरून ते सिद्ध झाले. बोलीसुद्धा नवे शब्द घडविते, ही साधी गोष्ट आपण विसरतो.

शेवटी आपल्या किनाऱ्याशी निगडित असा एक शब्द. 'पंच' हे पेय पाच घटकांचे म्हणून ते नाव, असे जॉन फ्रायर यांनी गोव्याकडील मद्यार्काच्या संदर्भात 1698 साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथात नोंदविले, आणि ते आपल्या अभिमानाला रुचले. परंतु हा शब्द इंग्रजीत 1632 सालीच आढळतो. त्या काळच्या इंग्रजीत त्याचा स्वर 'उ'च्या जवळचा होता, आणि घटकांची संख्याही सर्वत्र पाचच नसे. पिंपवाचक इंग्रजी शब्दाचे ते संक्षिप्त रूप असावे, असा प्रतिपक्ष त्यामुळे उभा राहतो. फ्रायर यांची साक्ष जवळच्या काळातील व स्थळातील आहे, म्हणून ती फेटाळता येत नाही; पण ती जन्मानंतरच्या स्पष्टीकरणाची साक्ष आहे, जन्माची नव्हे. हा निवाडा आपल्या बाजूने लागावा अशी इच्छा असणे हेच आपण अधिक सावध राहण्याचे कारण आहे.

अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी या बोलींतील शब्दसंग्रह आपल्या विभागांतून होत असतात. त्यांत शब्दापुढे संस्कृत मूळ लिहिण्याची घाई दिसते. गाव, बोलणाऱ्याचे वय, व्यवसाय यांची नोंद मात्र राहून जाते. लीड्स विद्यापीठातून झालेल्या इंग्रजी बोलींच्या सर्वेक्षणात (1950–1961) 313 ठिकाणी एकच प्रश्नावली विचारली गेली. त्यामुळेच तेथील शब्दांच्या सीमा नकाशावर मांडता आल्या. चुकलेली व्युत्पत्ती पुढील पिढीतील अभ्यासक दुरुस्त करू शकेल. न नोंदविलेले गाव आणि हरपलेला उच्चार मात्र कोणालाही परत मिळविता येणार नाही. म्हणून संग्राहकाने आधी नोंद पूर्ण करावी. मुळाचा शोध थोडा थांबला तरी चालेल.